विद्यार्थी साहाय्याच्या कामात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी: करुणेचा थकवा कसा ओळखावा, कसा आवरावा

महाविद्यालयात किंवा विद्यापीठात विद्यार्थी साहाय्याचे काम तुमच्याकडे नव्याने आले असेल, तर पहिल्या आठवड्यात योजनांची परिपत्रके, समित्यांच्या याद्या आणि नोंदवह्या तुमच्या हाती पडतात. दुसऱ्यांचे दुःख दिवसभर ऐकून संध्याकाळी घरी जाणाऱ्या माणसाचे काय होते आणि त्याने काय करावे, याविषयीचा कागद त्यांत सहसा नसतो. तो कागद असायला हवा, म्हणून हा लेख लिहिला आहे.

विद्यार्थी साहाय्य हा शब्द येथे व्यापक अर्थाने घ्यावा. समुपदेशक तर त्यात आहेतच, शिवाय वसतिगृहाचे रेक्टर आणि अधीक्षक, विद्यार्थी विकास अधिकारी, मेंटॉर म्हणून वीस-पंचवीस मुलांचा गट सांभाळणारे प्राध्यापक, अंतर्गत तक्रार समितीचे आणि रॅगिंगविरोधी समितीचे सदस्य, समान संधी कक्षाचे समन्वयक आणि शिष्यवृत्तीच्या खिडकीमागे बसणारे लिपिक हेही त्यात येतात. यांपैकी बहुतेकांच्या नेमणुकीच्या पत्रात ऐकून घेण्याचे काम लिहिलेले नसते, पण विद्यार्थी ज्याच्यापाशी थांबतो त्याला ते करावेच लागते. वडिलांच्या मृत्यूनंतर गावाहून परत आलेली मुलगी आधी समुपदेशन कक्षाची पाटी शोधत नाही. आपला अर्ज का अडकला हे विचारायला ती खिडकीशी येते आणि तिथेच तिला रडू कोसळते.

या कामाचा भार आता वाढतो आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. २४ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले. त्यानंतर २५ जुलै २०२५ च्या निकालात न्यायालयाने असे निर्देश दिले, की शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा आणि सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे. हे आवश्यकच होते. मात्र ऐकणाऱ्यांकडून अपेक्षा वाढल्या की त्यांच्या काळजीची व्यवस्थाही त्याच प्रमाणात वाढली पाहिजे, आणि ती वाढवण्याचे काम बहुतेक ठिकाणी कर्मचाऱ्यांनाच पुढे होऊन करावे लागते.

आधी समजून घ्या: नेमके काय होते

‘कंपॅशन फटिग’ म्हणजे करुणेचा थकवा हा शब्दप्रयोग १९९२ मध्ये कार्ला जॉइन्सन यांनी परिचारिकांविषयी लिहिताना वापरला आणि १९९५ मध्ये चार्ल्स फिगली यांनी आघातग्रस्तांसोबत काम करणाऱ्यांच्या संदर्भात त्याची सविस्तर मांडणी केली. त्यात दोन प्रवाह एकत्र येतात. पहिला प्रवाह कामाच्या रचनेतून येणाऱ्या दमणुकीचा असतो. फार विद्यार्थी, फार अहवाल, अपुरी माणसे आणि कोणतेही अधिकार नसताना आलेली जबाबदारी यांमुळे ही दमणूक सावकाश साचत जाते. दुसरा प्रवाह दुय्यम आघाताचा असतो. दुसऱ्यावर ओढवलेल्या प्रसंगाचे तपशील ऐकून ऐकणाऱ्याच्याच मनात ती दृश्ये उमटू लागतात, झोप उडते, तशा विषयापासून पळावेसे वाटते. हा परिणाम एकाच संभाषणानंतर, अचानकही होऊ शकतो. दोहोंवरचे उपाय वेगळे असल्यामुळे आपल्याला नेमके काय झाले आहे हे ओळखणे महत्त्वाचे ठरते. कामाच्या रचनेने दमलेल्या माणसाला ध्यानाच्या शिबिराला पाठवून फारसे काही साधत नाही आणि आघाताची दृश्ये डोळ्यांसमोर येणाऱ्या माणसाला नुसती रजा देऊन भागत नाही.

यात आणखी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या क्षेत्रातील माणसे केवळ ऐकण्याने जितकी थकतात, त्याहून अधिक ती ऐकून काहीही न करता येण्याने थकतात. मेसचे पैसे थकले आहेत असे सांगणाऱ्या मुलाचे दुःख ऐकणे जड असतेच, पण त्याची शिष्यवृत्ती कोणाच्या टेबलावर अडकली आहे हे ठाऊक नसणे, विचारले तरी उत्तर न मिळणे आणि तोच मुलगा पुढच्या आठवड्यात पुन्हा समोर उभा राहणे हे अधिक झिजवते. तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या संशोधिकांनीही दुसऱ्याची वेदना स्वतःचीच असल्यासारखी अनुभवून हतबल होणे आणि त्याच्याविषयी आस्था बाळगून मदतीची इच्छा ठेवणे या दोन वेगळ्या अवस्था मानल्या आहेत. पहिली अवस्था माणसाला माघार घ्यायला लावते. दुसरी त्याला टिकवून धरते. म्हणून पुढच्या पायऱ्यांपैकी बऱ्याचशा पायऱ्या मन शांत करण्यापेक्षा हात मोकळे करण्याविषयी आहेत.

पायरी १: पहिल्या पंधरवड्यात आपली हद्द लिहून काढा

एका कागदावर तीन गोष्टी लिहा: मी काय करणार, मी काय करणार नाही आणि जे मी करणार नाही ते कोण करेल. रेक्टर असाल तर रात्री तब्येत बिघडलेल्या मुलाला रुग्णालयात नेणे, त्याला एकटे न सोडणे आणि पालकांना कळवणे हे तुमचे काम आहे. त्याचे नैराश्य बरे करणे हे तुमचे काम नाही. मेंटॉर प्राध्यापक असाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचारासाठी दिलेली ‘पाहा, ऐका, जोडून द्या’ ही त्रिसूत्री तुमच्यासाठी पुरेशी आहे: धोका आहे का ते पाहा, समोरचा काय म्हणतो ते ऐका आणि त्याला योग्य माणसाशी जोडून द्या. हा कागद प्राचार्यांना किंवा विभागप्रमुखांना दाखवून त्यावर त्यांची संमती घ्या. संमतीमुळे पुढे एखादे प्रकरण बिघडल्यास ‘तुम्ही आधी का नाही पाहिलेत’ या प्रश्नाला उत्तर देता येते. त्याहून मोठा उपयोग असा, की रात्री अंथरुणावर पडल्यावर स्वतःच्या मनालाही तेच उत्तर देता येते.

पायरी २: पुढे कोठे पाठवायचे याची यादी स्वतः जाऊन तयार करा

बहुतेक कार्यालयांत दूरध्वनी क्रमांकांची एक यादी भिंतीवर असते आणि त्यातले निम्मे क्रमांक लागत नाहीत. तुम्ही नवी यादी करा आणि तीत केवळ क्रमांक लिहून थांबू नका. जिथे विद्यार्थ्याला पाठवणार आहात तिथे एकदा स्वतः जाऊन या. जिल्हा रुग्णालयातील किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मानसोपचार विभागाचा बाह्यरुग्ण कक्ष कोणत्या वारी असतो, केसपेपर कोठे काढायचा, औषधे तिथेच मिळतात का, हे पाहून आलेल्या माणसाचा सल्ला आणि ‘सिव्हिलला जाऊन ये’ एवढाच सल्ला यांत विद्यार्थ्याच्या दृष्टीने फार अंतर असते.

यादीत काही क्रमांक असलेच पाहिजेत. टेली-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. तातडीच्या वेळी रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसह अन्य मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. रॅगिंगच्या तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. मोफत कायदेशीर साहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या ठिकाणी असते.

यादीचा दुसरा भाग पैशांचा असतो, आणि तो मानसिक आरोग्याच्या भागाइतकाच गंभीरपणे करावा. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा अर्ज विद्यार्थ्याकडे, महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये किंवा विभागाच्या स्तरावर अडकलेला असू शकतो; आधार बँक खात्याशी जोडलेला नसल्यामुळे मंजूर रक्कम जमा न होणे हेही नेहमीचेच आहे. कोणत्या टप्प्यावर कोणाला विचारायचे हे एकदा नीट शिकून घ्या. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, वसतिगृह निर्वाह भत्त्याची डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची योजना, विद्यापीठाची कमवा व शिका योजना, संस्थेकडे असलेला गरजू विद्यार्थी निधी यांची पात्रता, लागणारे दाखले आणि अर्जाची अंतिम तारीख एका पानावर आणा. समोर बसलेल्या मुलाचे अश्रू थांबवणे तुमच्या हाती नसले, तरी त्याचा अर्ज पुढे सरकवणे पुष्कळदा असते, आणि ज्या दिवशी असा एखादा अर्ज मार्गी लागतो त्या दिवशी माणूस कमी थकून घरी जातो. हतबलतेवर याहून खात्रीचा उपाय मला ठाऊक नाही.

पायरी ३: गुप्ततेविषयी पाळता येईल तेवढेच वचन द्या

‘तू मला काहीही सांग, मी कोणालाही सांगणार नाही’ हे वाक्य प्रेमाने उच्चारले जाते आणि नंतर उच्चारणाऱ्याच्याच मानेवर बसते. पहिल्या वर्षाला आलेले अनेक विद्यार्थी अठरा वर्षांचे झालेले नसतात, पदविकेचे विद्यार्थी तर पंधरा-सोळा वर्षांचेच असतात. त्यांच्यावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासंबंधीच्या २०१३ च्या कायद्यातील कलम १६ मात्र तक्रारदाराची ओळख आणि चौकशीचा तपशील उघड करण्यास मनाई करते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ गुप्ततेचा हक्क देतो आणि जीवाला धोका असेल तेव्हाचे अपवादही सांगतो.

त्यामुळे संभाषणाच्या सुरुवातीलाच साध्या शब्दांत सांगावे: “तू जे सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुझ्या किंवा आणखी कोणाच्या जीवाला धोका आहे असं वाटलं, किंवा कायद्याने कळवणं भाग असलं, तर मी तुला आधी सांगून योग्य माणसाला कळवेन.” हे ऐकून फार थोडे विद्यार्थी उठून जातात. एकट्याने गुपित वाहणे हे या थकव्याचे मोठे कारण आहे आणि त्यातून सुटण्याची वाट पहिल्या पाच मिनिटांतच मोकळी ठेवता येते.

पायरी ४: वेळ आणि फोन यांचे नियम सत्राच्या आरंभीच सांगा

आपल्याकडे विद्यार्थी रेक्टरना ‘काका’ म्हणतात, समन्वयक बाईंना ‘ताई’ आणि वसतिगृहात स्वच्छतेचे काम करणाऱ्या बाईंना ‘मावशी’ म्हणतात. हे नाते खरे असते आणि दूरच्या गावाहून आलेल्या मुलाला त्याचा आधार असतो, म्हणून ते तोडू नये. मात्र घरातल्या माणसाला वेळ विचारायची नसते, अशी समजूत त्या नात्यासोबत येते, आणि मग रात्री साडेअकराला ‘ताई जाग्या आहात का’ हा संदेश येतो. त्याला एकदा उत्तर दिले की पुढच्या वेळी उत्तर न देणे हा विश्वासघात वाटतो, त्या मुलीलाही आणि तुम्हालाही.

म्हणून जूनमध्येच, गटाच्या पहिल्या बैठकीत सांगा, की तुम्ही कोणत्या वेळेत भेटाल, संदेशाला किती वेळात उत्तर द्याल आणि त्या वेळेबाहेर तातडीची गरज पडल्यास कोणाला फोन करायचा. शक्य असल्यास या कामासाठी संस्थेकडून वेगळा मोबाइल क्रमांक घ्या, जो पाळीपाळीने एकेकाकडे राहील. वसतिगृहाच्या रेक्टरना रात्रीची जबाबदारी टाळता येत नाही; त्यांच्यासाठी आठवड्यातील किमान एक रात्र आणि एक पूर्ण दिवस दुसऱ्याच्या नावावर लेखी असला पाहिजे.

वर्षातला कोणता काळ जड जाणार हे आधीच ठाऊक असते. प्रवेशाच्या फेऱ्या आणि शिष्यवृत्तीचे अर्ज, सत्र परीक्षा, निकाल आणि एटीकेटीचे नियम कळण्याचे दिवस, हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू न देण्याच्या याद्या लागतात तो आठवडा, हे सारे दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा. त्या आठवड्यांत नॅकचे म्हणजे संस्थेच्या मूल्यांकनाचे अहवाल, कार्यशाळा आणि स्नेहसंमेलनाची जबाबदारी अंगावर घेऊ नका.

पायरी ५: संभाषण संपल्यानंतरची दहा मिनिटे राखून ठेवा

एक विद्यार्थी गेला की लगेच दुसऱ्याला आत घेऊ नका. दारावर ‘दहा मिनिटे थांबा’ अशी पाटी लावा आणि चार ओळींची नोंद करा: काय अडचण आहे, मी काय करणार, विद्यार्थी काय करणार, पुन्हा कधी भेटणार. अत्याचाराचे किंवा आत्महत्येच्या प्रयत्नाचे बारीक तपशील कामापुरतेच लिहा. नोंदवही कुलपात ठेवा. मग उठा, पाणी प्या, व्हरांड्यात एक फेरी मारा, वाटल्यास तोंडावर पाणी मारा. हे क्षुल्लक वाटले, तरी एकाचे दुःख दुसऱ्याच्या संभाषणात मिसळू नये यासाठी ते उपयोगी पडते.

याच नोंदवहीच्या शेवटी दोन-तीन पाने ‘पुढे काय झाले’ यासाठी ठेवा. या कामात सावरलेला विद्यार्थी परत येत नाही, कारण त्याला आता तुमची गरज उरलेली नसते. परत येतात ते अजून अडचणीत असलेलेच. परिणामी साहाय्य करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अपयशच राहते आणि आपल्या हातून काही होत नाही असा त्याचा समज पक्का होत जातो. म्हणून भेटीच्या शेवटी विद्यार्थ्याला सांगा, की काम झाले किंवा बरे वाटू लागले तर एका ओळीत कळव. महिन्याअखेरीस मिटलेली प्रकरणे वाचून काढा. कामातून मिळणारे समाधान हा या थकव्याच्या विरोधातला खरा आधार आहे, पण ते दिसायचे असेल तर त्याचीही नोंद ठेवावी लागते.

पायरी ६: तुमचे ऐकणारा माणूस आधीच ठरवा

प्रशिक्षित समुपदेशकांना पर्यवेक्षणाची म्हणजे सुपरव्हिजनची पद्धत माहीत असते: आपल्याहून अनुभवी व्यावसायिकासमोर नियमितपणे आपली प्रकरणे, ओळख लपवून, मांडायची. तुमच्या संस्थेत तशी सोय नसेल तर शहरातील दोन-तीन महाविद्यालयांच्या समुपदेशकांनी मिळून महिन्यातून एकदा एखाद्या ज्येष्ठ समुपदेशकाकडे बसावे. रेक्टर आणि मेंटॉर यांच्यासाठी हे इतके औपचारिक असण्याची गरज नाही, पण महिन्यातून एक ठरलेला तास आणि ठरलेली माणसे असावीत. हा तास मूल्यमापनाचा नसावा आणि त्याचे इतिवृत्त वरिष्ठांकडे जाऊ नये, एवढे मात्र कटाक्षाने पाळावे.

अचानक जड प्रसंग घडल्यावर सहकाऱ्याशी बोलण्याचीही एक रीत आहे. कॅनडातील समुपदेशक फ्रान्स्वाझ मॅथ्यू यांनी ती चार टप्प्यांत सांगितली आहे: आपण किती तपशील ओतत आहोत याचे भान ठेवणे, पूर्वसूचना देणे, संमती घेणे आणि आवश्यक तेवढेच सांगणे. प्रत्यक्षात ते असे होते. “मॅडम, आज एक जड प्रकरण झालं. दहा मिनिटं बोलू का? तपशील सांगत नाही, फक्त मला काय वाटतंय ते सांगायचंय.” त्यावर समोरून “आत्ता नको, माझं प्रॅक्टिकल सुरू होतंय, चार वाजता या, चहा घेऊ” असे उत्तर आले तर ते नाकारणे समजू नये. चहाच्या टेबलावर बेसावध सहकाऱ्यांसमोर सगळे वर्णन करून टाकणे ही आपल्याकडची सर्रास सवय आहे. त्यातून सांगणाऱ्याचे ओझे हलके होण्यापेक्षा ऐकणाऱ्यांवर नवे ओझे चढते आणि विद्यार्थ्याची ओळखही फुटते. घरी नवऱ्याला किंवा बायकोला प्रकरण सांगू नये, पण ‘आजचा दिवस जड गेला, मला अर्धा तास शांत बसू दे’ एवढे अवश्य सांगावे. घरच्यांना कारण कळले नाही तर चिडचिडीचा अर्थ ते आपल्यावर ओढून घेतात.

पायरी ७: दर महिन्याला स्वतःकडे पाहा

खुणा दोन विरुद्ध टोकांना दिसतात आणि दुसरे टोक बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पहिल्या टोकाला मन बधिर होत जाते: ‘ही मुले नाटके करतात’, ‘आमच्या वेळी असले लाड नव्हते’ अशी वाक्ये तोंडी येऊ लागतात, ठरावीक विद्यार्थ्याचे नाव फोनवर दिसताच पोटात गोळा येतो, भेटी पुढे ढकलल्या जातात, नोंदी अपुऱ्या राहतात. जो माणूस पूर्वी मायेने बोलत असे तो असे बोलू लागला, तर त्याच्या स्वभावाला दोष देण्याआधी त्याच्यावरचा भार तपासावा. दुसऱ्या टोकाला माणूस अधिकच गुंतत जातो: स्वतःच्या खिशातून शुल्क भरतो, पहाटे दोनला फोन घेतो, सुट्टी घेतली तर अमुक मुलगी काहीतरी करून बसेल असे त्याला वाटते, आणि तिला दुसऱ्या कोणाकडे पाठवणे त्याला जमत नाही. बाहेरून हे समर्पण दिसते आणि संस्था त्याचा सत्कारही करते, पण असा माणूस फार काळ टिकत नाही. याखेरीज झोप मोडणे, डोकेदुखी, पित्त, ऐकलेल्या प्रसंगाची दृश्ये वारंवार दिसणे, आपल्या मुलांविषयी अकारण भीती वाटणे या खुणा दोन्ही टोकांना आढळतात.

स्वतःची तपासणी करण्यासाठी बेथ हडनॉल स्टॅम यांनी तयार केलेली ‘प्रोक्वोल’ ही प्रश्नावली उपयोगी आहे. तिच्यात गेल्या ३० दिवसांविषयी ३० विधाने आहेत आणि कामातील समाधान, दमणूक व दुय्यम आघात या तीन भागांचे गुण वेगवेगळे मिळतात. प्रत्येक भागात २२ पर्यंतचे गुण कमी, २३ ते ४१ मध्यम आणि ४२ पासून पुढचे जास्त मानले जातात. ती आजाराचे निदान करत नाही. जूनमध्ये, नोव्हेंबरमध्ये आणि मार्चमध्ये भरून आपलेच आकडे ताडून पाहावेत. ती स्वतःपुरतीच ठेवावी, वरिष्ठांनी मागितली तरी देण्याची सक्ती नसावी. दोन आठवडे झोप किंवा भूक गेली असेल, किंवा स्वतःविषयी मरणाचे विचार येत असतील, तर प्रश्नावलीत वेळ न घालवता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. १४४१६ हा क्रमांक कर्मचाऱ्यांसाठीही आहे.

ज्यांच्या दारात रांग लागते

प्रत्येक संस्थेत दोन-तीन माणसे अशी असतात की विद्यार्थी त्यांनाच शोधत येतात. बहुधा ती तरुण प्राध्यापिका असते, किंवा स्वतः वाडी-वस्तीवरून, पाड्यावरून, तांड्यावरून शिकून आलेला शिक्षक असतो, ज्याला नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाची बोली आणि संकोच न सांगता कळतो. त्या मुलांसाठी हे अनमोल आहे. पण अशा शिक्षकासमोर येणारी गोष्ट ही पुष्कळदा त्याची स्वतःचीच जुनी गोष्ट असते, आणि जातीवरून झालेला अपमान ऐकताना त्याच्या स्वतःच्या आठवणीही जाग्या होतात. शिवाय यांतले कित्येक जण तासिका तत्त्वावर असतात, म्हणजे वर्गात शिकवलेल्या तासाचे मानधन मिळते आणि व्हरांड्यात ऐकून घेतलेल्या तासाचे मिळत नाही. तुम्ही त्या जागी असाल तर आपला भार आकड्यांत दाखवा: नाव न लिहिता, महिन्याभरात कितीजण आले आणि किती वेळ गेला याची साधी नोंद ठेवा. तुम्ही वरिष्ठ असाल तर ही नोंद मागून घ्या आणि त्या वेळेचा मोबदला द्या किंवा इतर कामे कमी करा.

पायरी ८: विद्यार्थ्याचा मृत्यू घडल्यास

अशा वेळी पहिल्या दिवशीच संस्थेने पाहिले पाहिजे की त्या विद्यार्थ्याशी शेवटी कोण बोलले, खोली कोणी उघडली, पालकांना फोन कोणी केला. त्यात सुरक्षारक्षक आणि मावशीही असू शकतात, आणि त्यांचा विचार बहुतेक वेळा कोणी करत नाही. पोलिसांपुढे जबाब देण्यासाठी त्यांना एकटे पाठवू नये. सोबत जबाबदार वरिष्ठ असावा आणि संस्थेने कायदेशीर सल्ला उपलब्ध करून द्यावा. मृत्यूच्या पद्धतीचे वर्णन व्हॉट्सअ‍ॅप गटांवर किंवा शोकसभेत होऊ देऊ नये. सर्वांना गोल बसवून प्रत्येकाकडून घडलेले वदवून घेण्याचा आग्रहही धरू नये, कारण आघातानंतर लगेच घेतलेले असे सक्तीचे सत्र जागतिक आरोग्य संघटनेने वापरू नये असे सांगितले आहे. बोलायचे असेल त्याला ऐकणारा मिळावा, न बोलायचे असेल त्याला गप्प राहता यावे, आणि दोघांचीही दोन आणि सहा आठवड्यांनी पुन्हा विचारपूस व्हावी.

‘मला आधी कळायला हवे होते’ हा विचार अशा मृत्यूनंतर जवळजवळ प्रत्येकाच्या मनात येतो. त्या वेळी पहिल्या पायरीतला कागद आणि तुमची नोंदवही काढून अनुभवी सहकाऱ्यासोबत वाचा. त्या दिवशी तुम्हाला जे ठाऊक होते त्यावरूनच त्या दिवशीच्या निर्णयाकडे पाहणे हाच न्याय आहे, आणि तो एकट्याने बसून स्वतःला देता येत नाही.

पायरी ९: संस्थेकडे लेखी मागणी करा

तोंडी विनंती सहानुभूतीने ऐकली जाते आणि विसरली जाते. अर्जात मोजक्या आणि करता येण्याजोग्या गोष्टी मागा: बंद दार आणि दोन खुर्च्या असलेली खोली, दिवसाला जास्तीत जास्त किती विद्यार्थी याची मर्यादा, बाहेरच्या तज्ज्ञाकडून मासिक पर्यवेक्षण, चौकशी समितीवरील सदस्यांची लागोपाठ प्रकरणांनंतर अदलाबदल, जड प्रसंगानंतर कारणमीमांसा न विचारता मिळणारी एक-दोन दिवसांची रजा. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेल्या वर्षातून दोनदाच्या प्रशिक्षणातील काही वेळ कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या थकव्यासाठी ठेवावा, ही मागणीही त्यातच जोडा. मनुष्यबळाचा मुद्दा मांडताना सांगता येईल, की विद्यापीठीय समुपदेशन सेवांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतील संस्थेने हजार ते दीड हजार विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक असे प्रमाण धरले आहे. आपल्याकडची तफावत मोठी असेल. ती आकड्यांत लिहा आणि अर्जाची पोच घ्या.

पायरी १०: काम सोडताना किंवा रजेवर जाताना

दीर्घ रजा, बदली किंवा दुसरी जबाबदारी यांमुळे हे काम हातातून जाण्याची वेळ येते तेव्हा अचानक नाहीसे होऊ नये. सुरू असलेल्या प्रकरणांची यादी करा, प्रत्येक विद्यार्थ्याला पुढे कोण भेटेल हे स्वतः सांगा, शक्य असेल तिथे एक भेट तिघांची घ्या आणि त्या भेटीत नवा माणूस अधिक बोलेल असे पाहा. विद्यार्थ्याच्या संमतीनेच त्याच्या नोंदी पुढे द्या. स्वतःचा क्रमांक ‘काही लागलं तर कळव’ म्हणून देऊ नका. त्याने नव्या माणसाशी नाते जुळत नाही आणि तुमची रजा रजा राहत नाही. थकव्यामुळे रजा घेतली असेल, तर परत येताना पहिल्याच दिवशी पूर्ण भार घेऊ नका: पहिले दोन आठवडे केवळ अर्ज आणि योजनांचे काम, मग जुनी प्रकरणे, आणि नवी तातडीची प्रकरणे त्यानंतर, असा क्रम विभागप्रमुखांशी बोलून लेखी ठरवून मगच रुजू व्हा.